सगळे आले

परत आल्यावर शेजारच्या सरोजम्मांनी पहिला प्रश्न विचारला, जहाज केवढं होतं? मी म्हटलं, आपल्या कॉलनीच्या हॉलएवढं. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं, पण ते खरंच तेवढंच होतं. लाकडी, दोन डोलकाठ्यांचं, खाली सहा खोल्या, वर एक लांब टेबल आणि पुढच्या बाजूला उन्हात लोळायच्या गाद्या. तिकडे अशा जहाजाला गुलेत म्हणतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकतीस पावलं. पहिल्याच संध्याकाळी मी ती मोजली, आणि पुढचे चार दिवस या एकतीस पावलांत काढायचे या विचाराने जीव कासावीस झाला.

माझ्याबद्दल आधीच सांगून टाकतो. मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. उमरी, धर्माबाद, बासर, कामारेड्डी अशा गावांतून अकरा बदल्या घेत नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही हैदराबादेत तारनाक्याला स्थिरावलो. स्थिरावलो म्हणजे घर स्थिरावलं. माझ्या पायाला भिंगरी. सकाळी युनिव्हर्सिटीत चक्कर, मग मलकपेठेला भाचीकडे, तिथून बरकतपुऱ्यात एका जुन्या मित्राकडे, आणि दुपारी घरी येऊन जेवलो की पुन्हा चपला शोधायला सुरुवात. माझी बायको शैला म्हणते, "अहो, दोन मिनटं टेका ना. खुर्ची रडून राहिली तुमच्या नावानं."

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीनं, रुचानं, ही सहल आम्हाला भेट दिली. तुर्कस्तानचा दक्षिण किनारा, देम्रेपासून फेथियेपर्यंत. दिवसा जहाज चालणार, मध्ये मध्ये नांगर टाकून किनाऱ्यावरची जुनी गावं बघायची, रात्री एखाद्या खाडीत मुक्काम. रुचा पुण्यात असते. तिच्या शेजारचाच फ्लॅट विकायला निघाला होता, आणि तारनाक्याचं घर काढून आम्ही तिथं कायमचं यावं असं ठरत आलं होतं. ठरत आलं होतं म्हणजे मी फोनवर हो म्हटलं होतं. फ्लॅटवाला आमच्या सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबणार होता. त्या दिवशी मी फेथियेहून पक्का निरोप द्यायचा, की लगेच बयाणा. शैलाचा जीव नातवात अडकलाय, तिच्यासाठीच चाललोय, असं मी सगळ्यांना सांगत होतो. सरोजम्मांनाही तेच सांगितलं होतं. त्या घरात गेल्या आणि गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याची बरणी घेऊन आल्या. प्रवासात लागेल म्हणाल्या.

केकोवा

पहिल्या सकाळी जहाज निघेना. मी सहापासून तयार होतो, बूट घालून, टोपी घालून. कप्तान युसुफ चहाचा पेला घेऊन आभाळाकडे बघत बसले होते. किती वाजता निघायचं, असं मी खुणेनं विचारलं. त्यांनी हसून म्हटलं, "यवाश, यवाश." त्याचा अर्थ हळूहळू, सावकाश. हे दोन शब्द मी चार दिवसांत इतक्यांदा ऐकले की झोपेतही कानात वाजायचे. वेळापत्रक नावाची गोष्ट त्या जहाजावर नव्हतीच. वारा पडला की निघायचं, वारा उठला की थांबायचं. पस्तीस वर्षं मिनिटांवर जगलेल्या माणसानं काय करावं? मी एकतीस पावलं जायचो, एकतीस यायचो.

न्याहारीला टोमॅटो, काकडी, पांढरं पनीर, मध, पाव आणि वाटीभर काळीभोर फळं. मी जांभळं समजून दोन एकदम तोंडात टाकली. ती ऑलिव्हं निघाली, खारट आणि कडू. टेबलावर आणखी अकरा माणसं होती, थुंकायची सोय नव्हती. गिळली. शैला हसून हसून लाल झाली आणि मग तिनं ती वाटी आपल्यापुढे ओढून आवडीनं अर्धी संपवली. हैदराबादकर जीभ, आंबट-खारट काही वर्ज्य नाही.

केकोवाला पाण्याखाली गेलेलं गाव आहे. फार जुन्या काळी भूकंपानं किनाराच खचला. जहाज अगदी हळू त्याच्या कडेनं जातं आणि निळ्या-हिरव्या पाण्यात भिंती दिसतात, रांजणांचे तुकडे दिसतात. डोंगराच्या उतारावरून दगडी पायऱ्या खाली येतात आणि न थांबता पाण्यात उतरतात. समोरच्या काठावर कालेकोय नावाचं चिमुकलं गाव आहे. माथ्यावर किल्ला, खाली पायवाटा, रस्ता नाहीच, आणि उथळ पाण्यात एक दगडी शवपेटी उभी. तिचं झाकण उलट्या होडीसारखं. आम्ही किल्ला चढलो. मी सगळ्यांच्या आधी वर पोचलो आणि सगळ्यांच्या आधी खाली उतरलो. शैला एका म्हातारीच्या दुकानापाशी बसून आईस्क्रीम खात बसली होती. किल्ल्यावरून काय दिसतं ते बघायला नाही आलीस, म्हटलं. ती म्हणाली, मला इथून किल्ला दिसतोय.

जहाजावर स्वयंपाक करायची कप्तानांची थोरली बहीण, हातिजे. पंचावन्नच्या आसपासची, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, इंग्रजीचा गंध नाही. शैलाची इंग्रजीही बेताचीच, पण तिनं सरळ दखनी उर्दू सुरू केली. चहाला तिकडे चायच म्हणतात, पनीरला पेनीर, साखरेला शेकर, बाजाराला पाझार, आणि दोस्त म्हणजे दोस्तच. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत दोघी शेजारी बसून द्राक्षाच्या पानांत भात भरत होत्या. शाकाहारी माणसांचं काय होणार ही माझी चिंता तिथंच मिटली. शैलानं सरोजम्मांचा गोंगुरा बरणीतून काढून हातिजेच्या तळहातावर ठेवला. तिनं चाटला, डोळे मिटले आणि काहीतरी लांबलचक बोलली. आमची गाईड एलिफ, चटपटीत बाई, तिनं भाषांतर करून सांगितलं की हातिजे विचारतेय, हे करणारी बाई तुझ्या घरापासून किती लांब राहते? शैला म्हणाली, "भिंतीपल्याड."

शैलाचं हे मी प्रत्येक बदलीत पाहिलंय. सामान उतरायच्या आत तिला एक मैत्रीण मिळालेली असायची.

काश

काश हे बंदराचं गाव. चढाच्या गल्ल्या, भिंतींवर बोगनवेल, दर दहा पावलांवर मांजर. एका गल्लीच्या अगदी मधोमध अडीच हजार वर्षांपूर्वीची दगडी कबर उभी आहे आणि दुकानं, खुर्च्या, माणसं तिला वळसा घालून आपापलं बघतात. आपल्याकडे भर रस्त्यात दर्गा असतो आणि बसेस त्याला वळसा घालतात, तसंच. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. एलिफ तिचा इतिहास सांगत होती, पण मी तोवर पुढच्या चौकात पोचलो होतो.

तिथं फोन किणकिणला. ग्रीसमध्ये तुमचं स्वागत आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. व्हिसा तुर्कस्तानचा आणि आपण ग्रीसमध्ये कसे? नंतर कळलं की समोरचं बेट ग्रीसचं, तिकडचा टॉवर फोनला सापडला होता. तर त्या ग्रीसच्या टॉवरवरूनच मी रुचाला फोन लावला. फ्लॅटवाला दोनदा येऊन गेला म्हणाली. मग तिनं विचारलं, "बाबा, पण आई काय म्हणते?"

"आईचं काय, ती तयारच आहे," मी म्हटलं.

शैला तेव्हा रस्त्याच्या पलीकडे एका दुकानात बांगड्या बघत होती.

त्या संध्याकाळी जहाजाकडे नेणारी छोटी होडी अर्धा तास खोळंबली, कारण आमच्यातले एक डच गृहस्थ चप्पल विकत घेत राहिले होते. एलिफचा जीव खालीवर झाला. मी लगेच पुढे झालो. डोकी मोजायचं काम माझ्यावर सोपवा म्हटलं, आणि माझ्यावर भरवसा का ठेवावा हे तिला समजावून सांगितलं. आमच्याकडे रेल्वेत एक पद्धत आहे. गाडी यायची असली की मास्तर गेटमनला फोन करतो, गेट बंद कर. गेटमन गेट बंद करतो, निरोप शब्द न् शब्द परत म्हणतो, आणि त्याला दिलेल्या यादीतला एक नंबर सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो नंबर मास्तरनं वहीत लिहिला की मगच गेट बंद झालं असं मानायचं. नुसतं हो म्हणणं चालत नाही. हो तर माणूस झोपेतही म्हणतो. पस्तीस वर्षांत नंबर घेतल्याशिवाय मी एक गाडी सोडली नाही, असं मी एलिफला सांगितलं. तिनं तोंडभर कौतुक केलं. शैला शेजारीच बसून अंजीर खात होती. आमचं क्वार्टर नेहमी स्टेशनला लागून, तिला ही सगळी कथा पाठ आहे.

दुसऱ्या दिवसापासून बारा प्रवाशांची मोजणी माझ्याकडे आली. मला फार बरं वाटलं. हाताला काहीतरी काम मिळालं.

सात भूशिरं

काशहून पश्चिमेला गेलं की किनारा सरळ भिंतीसारखा उठतो आणि एकापाठोपाठ सात भूशिरं समुद्रात घुसतात. आडोसा नाही, खाडी नाही. कप्तान युसुफ पहाटेच निघाले, आणि त्या दिवशी मात्र ते यवाश म्हणाले नाहीत. तासाभरात जहाज असं डोलायला लागलं की टेबलावरची मिठाची डबी या काठावरून त्या काठावर गेली. माझी एकतीस पावलं बंद पडली. बाकीचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की सकाळची न्याहारी समुद्राला अर्पण झाली.

मी गादीवर आडवा, हातात कापलेलं लिंबू. शैलाला काही होत नव्हतं. ती खाली स्वयंपाकघराच्या दारात हातिजेबरोबर शेंगा सोलत बसली होती आणि एलिफ मध्ये बसून दोघींचं बोलणं इकडून तिकडे करत होती. मला अर्धवट ऐकू येत होतं. शैला तारनाक्याचं सांगत होती. शनिवारी दुपारी कॉलनीतली पाच मुलं तिच्याकडे मराठी वाचायला येतात. घरात मराठी बोलतात, पण दुकानाची पाटी वाचता येत नाही. त्यातली एक मुलगी आता अख्खी गोष्ट वाचते आणि मध्येच अडली की तेलुगूत चिडते. सरोजम्मा साडेचारला भिंतीवर दोन टकटक करतात, म्हणजे चहा झाला. थंडीत बाल्कनीत ऊन कुठवर येतं, तेही तिनं सांगितलं. हातिजेनं विचारलं, तिथं किती वर्षं झाली? शैला म्हणाली, चार. मग म्हणाली, "याच्या आधी एका गावात चार झाली की ट्रक यायचा."

मी हे सगळं ऐकलं आणि कुशीवर वळलो. माझ्या मनात एकच चाललं होतं, पुढचं भूशिर कधी सरतं.

दुपारी पाणी निवलं. गेमिलेर नावाच्या बेटाच्या आडोशाला नांगर पडला आणि मी जमीन बघून लहान पोरासारखा खूश झालो. बेटावर जुन्या चर्चचे भग्न अवशेष आहेत, माथ्यावरून दोन्हीकडचा समुद्र दिसतो. चढताना मोजले बारा, उतरताना मोजले बारा.

कायाकोय

शेवटच्या सकाळी गेमिलेरसमोरच्या किनाऱ्यावरून एका छोट्या बसनं आम्हाला डोंगरापलीकडे कायाकोयला नेलं. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, मोजणीवाला म्हणून. शैला सगळ्यात मागे.

कायाकोय हे रिकामं गाव आहे. अख्ख्या डोंगरउतारावर शेकडो दगडी घरं, एकाचं छप्पर दुसऱ्याच्या उजेडाआड येणार नाही अशा बेतानं रचलेली. आता छप्परं नाहीत. खिडक्या आहेत, चुलाणी आहेत, भिंतीतले कोनाडे आहेत, आणि प्रत्येक खोलीत अंजिराचं झाड. एलिफनं सांगितलं, इथं ग्रीक बोलीचे ख्रिस्ती लोक राहत होते. शंभरेक वर्षांपूर्वी युद्धानंतर दोन सरकारांनी आपसात ठरवलं की इकडचे ख्रिस्ती तिकडे पाठवायचे आणि तिकडचे मुसलमान इकडे आणायचे. गावच्या गाव उचललं. तिकडून जे आणले त्यांना ही घरं दिली, पण ते शेतकरी होते, त्यांना सपाट जमीन हवी होती. या घरांत ते टिकले नाहीत. म्हणजे गेले तेही घरचे राहिले नाहीत, आले तेही नाहीत.

शैला एका घराच्या उंबऱ्यावर बसली होती. तिनं एलिफला विचारलं, "त्यांना कुणी विचारलं होतं का, जायचंय का म्हणून?"

एलिफ म्हणाली, नाही, कागद आला.

बाकीचे वर चर्चकडे गेले, मीही गेलो, सगळ्यांच्या पुढे. चर्च पाहिलं, फोटो काढले, खाली दुसऱ्या वाटेनं उतरलो. ऊन चढलं होतं, संध्याकाळपर्यंत फेथियेला पोचायचं होतं, आणि मला रुचाला निरोप द्यायचा होता. माझी घाई झाली होती. बसपाशी लोक येऊन बसत होते. मी दारात उभा राहून मोजत होतो. स्वतःला धरून अकरा झाले. मागच्या सीटकडे पाहिलं, शैलाची निळी पिशवी होती आणि तिच्यावर तिची टोपी. शैला माझ्या आधी तयार असतेच. मी बारा म्हटलं.

"सगळे आले?" एलिफनं विचारलं.

"सगळे आले," मी सांगितलं.

बस सुटली. डोंगर ओलांडून किनाऱ्यावर उतरलो. जहाज समोर दिसत होतं. मी दार उघडून प्रत्येकाला हात देऊन उतरवत होतो, आणि शेवटी मागे गेलो तर सीटवर पिशवी होती, टोपी होती, आणि शैला नव्हती.

खरं सांगतो, पस्तीस वर्षांत असा दिवस माझ्यावर आला नव्हता. शैलाचा फोन त्या पिशवीतच वाजत होता. मी एलिफकडे बघू शकलो नाही. तिनं लगेच ड्रायव्हरला बस वळवायला सांगितली. परत जाताना मी उभाच राहिलो, बसवेना. एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या आणि ड्रायव्हर थांबला. मी उतरून पळायला निघालो होतो; एलिफनं दंडाला धरून बसवलं.

शैला त्याच उंबऱ्यावर बसली होती. आमच्या घरचा नियमच आहे. रुचा लहान असताना शैलानंच तिला शिकवलं होतं, प्लॅटफॉर्मवर हरवलीस तर शोधायला पळायचं नाही, जिथं आहेस तिथं बसून राहायचं, माणूस परत येतो. तिच्या हातात कुणीतरी दिलेला पालेभाजीचा पराठा होता. खाली गावाच्या तोंडाशी एक बाई तसे पराठे तव्यावर भाजून विकते, तिनंच आणून दिला होता म्हणे. तिच्याशीही ओळख झाली होती.

मी धापा टाकत समोर उभा राहिलो. ती रागावलेली नव्हती, तेच मला फार लागलं.

"मोजलंत?" तिनं विचारलं.

"मोजलं."

"मग?"

"तुझी पिशवी होती सीटवर."

"माझी पिशवी असतेच हो," ती म्हणाली. "ट्रकमध्ये सामान आधी चढतं, मग बाई आलीच म्हणायचं."

एलिफ थोडी लांब जाऊन उभी राहिली. तिला मराठी येत नाही, पण तिला कळलं असावं. मी त्या उंबऱ्यावर शैलाशेजारी बसलो. चार दिवसांत मी पहिल्यांदा असा बसलो असेन.

"अकरा बदल्या झाल्या," शैला म्हणाली. "कुरकुर केली का मी? ऑर्डर यायची, कागद असायचा, कुणाला बोलणार. आता तुम्ही निवृत्त. ही बारावी कुणी काढली?"

"रुचा म्हणाली, आणि तुझाही जीव तिथंच..."

"रुचानं तुम्हाला विचारलं, आई काय म्हणते. तिनं मला सांगितलंय ते. तुम्ही काय सांगितलंत?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तीस वर्षं खिडकीतून ऐकलंय मी," ती म्हणाली. "समोरचा परत म्हणेपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाही कधी. त्या बासरच्या गेटमनला नंबर नीट सांगता येत नव्हता, तर त्याला तीन तीनदा म्हणायला लावायचे. माझा नंबर कधी घेतलात?"

खाली बसचा हॉर्न वाजला आणि मी सवयीनं उठायला गेलो. मग परत बसलो. पुष्कळ गोष्टी एकदम लक्षात आल्या, आणि त्यातली एक अशी की पुण्याचं सगळं मी शैलाच्या नावावर खपवत होतो, पण तारनाक्याला चैन मला पडत नव्हती. नातवासाठी झुरत कुणी नव्हतं. मला पुन्हा एकदा ट्रक यायला हवा होता. हे मी तिला सांगितलं, अडखळत, पण सांगितलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला तारनाक्याला चैन नाही, या जहाजावर नाही. पुण्यात पडेल? दोन महिन्यांत चपला शोधाल तिथंही."

"तुला पुण्याला जायचंय का?" मी विचारलं. चाळीस वर्षांत असा साधा प्रश्न मी कधी तिला विचारला असेल तर मला आठवत नाही.

तिनं घाई केली नाही. पराठ्याचा उरलेला तुकडा खाल्ला, हात झटकले, समोरच्या बिनछपराच्या घराकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "वर्षातून दोनदा जाऊ, महिना महिना राहू. लेकीकडे पाहुणी म्हणून. घर हलवायचं नाही. तारनाका सोडायचा नाही. आता तुम्ही परत म्हणा."

"वर्षातून दोनदा जायचं," मी म्हटलं. "महिना महिना राहायचं. घर हलवायचं नाही. तारनाका सोडायचा नाही." मग मी विचारलं, "नंबर?"

"बारा," शैला म्हणाली.

माझ्याजवळ वही नव्हती. मी तो तळहातावर पेनानं लिहिला, आणि तिनं तो नीट लिहिलाय का ते बघितलं. मग आम्ही खाली उतरलो. बसमध्ये चढताना एलिफनं माझ्याकडे बघून काही विचारलं नाही. उरलेल्या सहलीत डोकी तिनंच मोजली, आणि मला त्याचं काही वाटलं नाही असं म्हणता येणार नाही.

फेथिये

संध्याकाळी फेथियेच्या बंदरात लागलो. डोंगराच्या कड्यात कोरलेल्या थडग्यांवर ऊन पडलं होतं, देवळाच्या दर्शनी भागासारखे खांब कोरलेत त्यांना. हातिजेनं शैलाला वाळवलेल्या पुदिन्याची पुडी दिली, शैलानं तिला गोंगुऱ्याची उरलेली बरणी दिली. दोघी रडल्या. कप्तान युसुफनी माझा हात हातात घेऊन यवाश म्हटलं, आणि या वेळी मला राग आला नाही.

धक्क्यावर फोन वाजला. रुचाच होती. फ्लॅटवाला समोर बसलाय म्हणाली. "बाबा, मग हो सांगू ना त्यांना?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, आणि या खेपेला ते बरोबरही होतं. तळहातावर बारा अजून पुसट दिसत होते.

"थांब," मी म्हटलं, "आई बोलते." आणि फोन शैलाच्या हातात दिला.

ती बोलत बोलत धक्क्याच्या टोकापर्यंत गेली. मी तिथल्या एका बाकावर बसलो. बोलणं पुष्कळ वेळ चाललं. मध्ये ती हसली, एकदा तिनं पदरानं डोळे पुसले. मी दोनदा उठलो आणि दोनदा परत बसलो. पण जवळ गेलो नाही.